गाडीतली जपानी बाई

दिवाळी नुकतीच सरली होती. नाचणे रोडवरच्या आपल्या दुकानाचं शटर उचलताना रुपालीला वाटलं, आज हे वर गेलंच नाही तर किती बरं होईल. पण ते गेलं. रोजच जायचं.

रुपाली सेहेचाळीस वर्षांची. गाड्यांना स्टिरिओ, स्क्रीन, मागचे कॅमेरे बसवून द्यायचं तिचं दुकान. हे काम तिच्या हातात लहानपणीच बसलं होतं. तिचे वडील दाजी बंदरावर होड्यांचे वायरलेस सेट आणि मासे दाखवणारी यंत्रं दुरुस्त करायचे. इतर मुली रांगोळीचे ठिपके शिकत होत्या तेव्हा ही दाजींकडून वायरला कथलाचा डाग द्यायला शिकली. नवराही दर्यावरचाच मिळाला. सर्वेश ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता, एकदा बाहेर पडला की दहा-बारा दिवस घरी नाही. आणि घरात सासू, शकू. गणपतीच्या आधी अंगणात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती अंथरुणाला खिळली होती. दिवसा शेजारची गोदा तिच्यापाशी बसायची. रात्रीचं मात्र सगळं रुपालीवर. कूस बदलून दे, पाणी दे, भांडं दे. चार वेळा उठणं ठरलेलं. गेल्या तीन महिन्यांत सलग चार तास झोप तिला मिळाली नव्हती.

त्या दिवशी पहिलंच गिऱ्हाईक आलं ते पावस गावचे राजाभाऊ. आंबा-नारळाची बाग असलेले, सत्तरीला टेकलेले गृहस्थ. त्यांची गाडी रुपालीला लांबूनच ओळखू आली. तशी गाडी रत्नागिरीत दुसरी नव्हती. त्यांचा मुलगा शुभंकर नऊ वर्षं जपानला होता, तो मार्चमध्ये परत आला आणि येताना तिथली स्वतःची गाडी घेऊन आला. कस्टम, आरटीओ सगळे सोपस्कार झाले तेव्हा राजाभाऊंनी अख्ख्या वाडीला पेढे वाटले होते.

"काय करायचंय काका हिला?" रुपालीनं विचारलं.

"हिला मराठी शिकवायचं," राजाभाऊ म्हणाले.

मग त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. पडद्यावर सगळं जपानी. रेडिओचा काटा पंच्याण्णवच्या पुढं सरकत नाही, त्यामुळे आपलं एकही स्टेशन लागत नाही. घड्याळ जपानच्या वेळेवर, साडेतीन तास पुढं.

"सकाळी साडेसातला निघालो की गाडी म्हणते अकरा वाजले. शुभंकरची आई, उमा, म्हणते, हिच्यात बसलं की दुपारच्या जेवणाची घाई सुरू होते. आणि किल्ली फिरवली रे फिरवली की एक बाई बोलायला लागते. दोन-तीन वाक्यं रोज बोलते. मला आपली भीती वाटते. इंजिनात काही बिघडलं असेल आणि ती बिचारी जीव तोडून सांगत असेल तर?"

"मुलाला विचारा की, ती काय म्हणते ते."

राजाभाऊ रस्त्याकडे बघायला लागले. "तो झोपलेला असतो," ते म्हणाले.

रुपालीनं पुढं विचारलं नाही. कुणाचं काही ऐकून घ्यायलाही अंगात त्राण लागतं. नवा दहा इंची स्क्रीन, दारांतले चार स्पीकर, मागचा कॅमेरा आहे तोच ठेवायचा, असं ठरलं. दोन दिवसांत देते म्हणाली आणि कामाला लागली.

सवयीनं तिनं आधी बॅटरीची तार काढली. मग प्लास्टिकच्या पट्टीनं डॅशबोर्डचा सांधा हळूहळू उचलला. जुना सेट ओढून बाहेर काढला आणि मागचं जंजाळ पाहून ती तशीच सीटवर टेकली. वायरी जोडणारे तेरा-चौदा कपलर, त्यातला एकही ओळखीचा नाही. इथल्या गाड्यांचे वायरिंगचे नकाशे फोनवर सहज मिळतात. हिचा कुठंच मिळेना. आणि कॅमेऱ्याची वायर तर शोधायलाच हवी होती, कारण असल्या गाड्यांचे कॅमेरे सहा व्होल्टवर चालतात. चुकून बाराची जोडली की कॅमेरा जळाला. वायर शोधायची तर जुना सेट चालू ठेवून मीटर लावून बघायचं, हा एकच मार्ग.

तिनं बॅटरी पुन्हा जोडली, किल्ली फिरवली. पडदा काळाच राहिला. मधोमध जपानी अक्षरांची एक ओळ आणि खाली रिकामे चौकोन. आकडे मागत होता. चोरी होऊ नये म्हणून मालकानं कुलूप घातलं होतं, आणि बॅटरी निघाल्याबरोबर ते आपोआप लागलं होतं.

"अगो बाय माझे," रुपाली स्वतःशीच म्हणाली. असे सेट असतात हे तिला ठाऊक होतं. एरवी तिनं बॅटरीला हात लावण्याआधी विचारलं असतं. पण थकलेल्या माणसाचे हात डोक्याला विचारत बसत नाहीत.

तिनं राजाभाऊंना फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते एसटीनं आले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्या हातात दिला. वर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'शुभंकर, गाडीच्या स्क्रीनचा नंबर हवा आहे. बाबा.' खाली दुसऱ्या अक्षरात नुसते आकडे.

"दाराखालून सरकवला," राजाभाऊ म्हणाले. "अर्ध्या तासानं परत आला."

एकाच घरात राहणाऱ्या बापलेकांत कागद दाराखालून जातो-येतो हे रुपालीला कळलं, आणि राजाभाऊंनाही कळलं की तिला ते कळलंय. दोघांनीही तो विषय तिथंच ठेवला.

आकडे बरोबर निघाले. कुलूप उघडलं, पण पुढं जपानी याद्यांमागून याद्या. रुपालीनं फोनचा कॅमेरा पडद्यावर धरून भाषांतर करून पाहिलं. एका ओळीचं मराठी आलं, 'मागील पाहुण्याची उंची विसरायची आहे का?' दुसरीचं आलं, 'होय, लोणी.' तिनं फोन सीटवर टाकला.

"काका, भलतंच बटण दाबलं गेलं तर ह्या गाडीचा दुसरा मेकॅनिक मी कुठून आणू? मला हे वाचणारा माणूस हवा."

"तो येत नाही हो कुठं," राजाभाऊ म्हणाले. मग स्टुलावर बसून, चपलेच्या अंगठ्याकडे बघत त्यांनी सांगितलं. मार्चमध्ये आला तेव्हा आठ दिवस बरा होता. मग खोलीतून बाहेर येणं कमी झालं. गणपतीत आरतीलाही खाली आला नाही. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं, रिकामं उचलायचं. डॉक्टरकडे चल म्हटलं की दार बंद. लोक विचारतात, मुलगा काय करतो, तर घरून कॉम्प्युटरवर काम करतो असं उमा सांगते.

रुपालीचे गुडघे ठणकत होते. तासाभरात घरी जाऊन सासूला पुसून काढायचं होतं. ती पुढं जे बोलली त्यात कसलीही युक्ती नव्हती. खरोखरच तिच्यानं होण्यासारखं नव्हतं.

"मग नको काका. मी जुनं सगळं होतं तसं जोडून देते, गाडी घेऊन जा. मला काही नको त्याचं."

राजाभाऊ स्टुलावरून उठले. "एक रात्र थांबा," ते म्हणाले. "मी सांगून बघतो."

सांगून की पुन्हा कागद सरकवून, ते रुपालीला कधीच कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास एक जुनी स्कूटी दुकानासमोर थांबली आणि उंच, किडकिडीत, दाढी वाढलेला एक तरुण उतरला. दुकानात कोण आहे याकडे न बघता तो सरळ आपल्या गाडीपाशी गेला आणि उघड्या पडलेल्या डॅशबोर्डकडे पाहत उभा राहिला.

"शुभंकर ना?"

"हो."

"बस. किल्ली फिरव."

तो बसला. पडदा उजळला आणि ती बाई बोलली. गोड, हसरा आवाज, आपल्याकडे साड्यांच्या दुकानात असतो तसा.

"काय म्हणते रे ती?"

"टोलचं कार्ड घातलेलं नाही म्हणते. रोज म्हणते." त्यानं पुढचं वाक्य ऐकलं. "आणि आज दहा नोव्हेंबर, टॉयलेटचा दिवस आहे."

"कसला?"

"टॉयलेटचा. तिथं प्रत्येक तारखेला कसला ना कसला दिवस असतो. अकरावा महिना, दहा तारीख, त्या आकड्यांचा उच्चार काहीसा 'छान टॉयलेट' असा होतो. म्हणून."

रुपाली त्याच्याकडे बघत राहिली. "आणि तुझे बाबा समजतात, इंजिन बिघडलंय म्हणून ती जीव तोडून सांगतेय!"

तिला हसू फुटलं आणि आवरेना. दमलेल्या माणसाचं असंच होतं, रडू काय नि हसू काय, एकदा सुटलं की सुटलंच. ओढणीनं डोळे पुसताना तिला दिसलं, तोही हसत होता. त्याला ते नीट जमत नव्हतं.

मग काम सुरू झालं. ती सीटच्या पायापाशी आडवी होऊन मीटरची टोकं वायरींना लावायची, तो पडदा वाचून सांगायचा. रिव्हर्स टाक. आता चित्र आलं. आता गेलं. तिनं एकदा डुलकीच्या भरात भलत्याच वायरीला टोक लावलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, ती बाराची आहे." तिनं हात मागं घेतला. दुपारपर्यंत कॅमेऱ्याची वायर सापडली, सहा व्होल्ट, बरोबर. चहा मागवला. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला आणि गाडीतच बसून प्यायला. बाहेर येऊन बस असं ती एकदा म्हणाली, पुन्हा म्हणाली नाही.

"जुना सेट काढायच्या आधी आतलं काय ठेवायचं असेल तर बघून घे," ती म्हणाली. "नंबर, गाणी, काय असेल ते."

तो एकेक यादी उघडू लागला. एका यादीवर थांबला. पडदा वर सरकवत राहिला तरी ती संपेना.

"काय आहे ते?"

"साठवलेली ठिकाणं."

"एवढा फिरलास?"

"फिरलो नाही," शुभंकर म्हणाला. "तिथं झोपलो."

रुपाली हातातल्या वायरीला टेप गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही, म्हणूनच कदाचित तो बोलत राहिला. कारखान्यात तो यंत्रांच्या सुट्या भागांची डिझाईन करायचा. आठ वर्षं ठीक गेली. मग नवा साहेब आला. रोज सगळ्यांसमोर उभं करून चुका वाचून दाखवायचा. घरी जायला रात्रीचे बारा वाजायचे. एक दिवस सकाळी तो गाडी घेऊन निघाला आणि कारखान्याच्या फाटकावरून सरळ पुढं गेला. पुन्हा तिकडं वळलाच नाही. कागदपत्रांची मुदत संपली, कारखान्याची खोली सोडावी लागली. तिथं मोठ्या रस्त्यांवर थांबे असतात, गाड्या उभ्या करायला जागा, स्वच्छ संडास, गरम पाणी. अशा थांब्यांवर तो चार महिने गाडीत राहिला. आज इथं, उद्या तिथं.

"आईला फोन करायचो तो गाडीतूनच. ती विचारायची, सुटलास का ऑफिसातून? मी म्हणायचो, हो, आत्ताच." त्यानं यादी आणखी वर सरकवली. "दिवस दिवस कुणाशी बोलणं नसायचं. सकाळी ही तेवढी बोलायची. आज अमुक दिवस, आज तमुक दिवस."

यावर रुपालीला खूप काही म्हणता आलं असतं, लोक म्हणतात तसं. पण तिला खरंच एक गोष्ट जाणून घ्यायची होती.

"पाय कुठं पसरायचास?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला कुणी विचारेल असं वाटलं नसावं.

"मागची सीट पाडली की सरळ होतात. डोकं डिकीच्या दाराकडे करायचं. पण वळता येत नाही, खांदा लागतो."

"थंडी?"

"काचांना आतून पुठ्ठे लावायचे. तरी सकाळी आतल्या बाजूला बर्फ असायचा."

"मग गाडी आणलीस कशाला एवढी खटपट करून? तिथंच विकायचीस."

"विकणारच होतो. पण बाबांना एकदा बोलून गेलो होतो, आणीन म्हणून. त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं." तो पडद्याकडे वळला. "गाडी नसती तर त्यांच्याकडे सांगायला दुसरं काही उरलं नसतं."

थोड्या वेळानं त्यानं बोटानं एक बटण दाबलं, मग आणखी एक. यादी गेली. "झालं," तो म्हणाला. "काढा आता."

"हा जुना खोक्यात भरून देऊ?"

"नको."

"ती बाई नव्यात नाही यायची हां."

"चालेल."

दुसऱ्या दिवशीही तो आला. ती काहीच म्हणाली नव्हती, तरी आला. नवा स्क्रीन बसला. दारांची अस्तरं काढून स्पीकर घातले. रेडिओ लावला तर रत्नागिरी केंद्रावर कुणीतरी आंब्याच्या मोहोरावरच्या फवारणीची माहिती सांगत होतं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि भिंतीवरच्या घड्याळातही तेवढेच.

"आता रस्त्यावर घेऊन बघायला हवी," रुपाली म्हणाली. "उभ्या गाडीत दारं वाजत नाहीत, चालत्यात कळतं. तू चालव, मी ऐकते."

ती नेहमी असंच करायची. गिऱ्हाइकानं चालवायची, हिनं बाजूला बसून कान द्यायचा. शहराबाहेर पडल्यावर ती म्हणाली, आरे-वारेच्या बाजूनं घे, तिथं चढ-उतार आहेत. शुभंकर गाडी सावकाश, दोन्ही हात चाकावर ठेवून चालवत होता. तिनं गाणं लावलं, आवाज वाढवला, डोळे मिटून डाव्या दाराला कान लावला. बारीक खरखर होती. कुठून येते ते धरायला तिनं सीट जरा मागं पाडली. खाली समुद्र दिसायला लागला तेव्हा ती म्हणाली, "इथं कुठंतरी कडेला घे, जरा गाण्याचा ठोका वाढवून बघू."

पुढचं तिला आठवत नाही.

जाग आली तेव्हा गाण्याचा आवाज नव्हता. गाडी सुरूच्या सावलीत उभी होती, काचा अर्ध्या उघड्या होत्या. सूर्य पाण्यापासून हातभर राहिला होता. ती दचकून उठली, ओढणी सावरली. शुभंकर बाहेर, दहा पावलांवर एका दगडावर गाडीकडे पाठ करून बसला होता.

पडद्यावर पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ते घड्याळ आता बरोबर होतं, म्हणजे दोन तास ती झोपली होती. परक्या माणसाच्या गाडीत, भर दिवसा, रस्त्याच्या कडेला. लाजेनं तिचे कान तापले.

"उठवायचंस ना रे!" ती दार उघडून ओरडली.

तो उठून आला. "गाढ लागली होती. काय उठवू?"

"आणि घरी सासू..."

"गोदाकाकूंचा फोन आला होता. दोनदा वाजला म्हणून मी घेतला. ताई गाडीखाली आहेत म्हटलं, हात बरबटलेत. त्या म्हणाल्या, येऊ दे सावकाश, मी आहे, आजींना पेज दिली."

रुपालीला राग यायला हवा होता. पण अंग इतकं हलकं झालं होतं की त्या रागाला कुठं पाय टेकायला जागा मिळेना. खाली वाळूत कुणी नव्हतं. एक होडी किनाऱ्याला लागत होती. ती नुसतीच बसून राहिली, आणखी पाच मिनिटं. तोही आपल्या सीटवर येऊन बसला.

"त्या चार महिन्यांत," तो म्हणाला, "कुणी काचेवर टकटक केली की छातीत धस्स व्हायचं. इथं उभी करू नका म्हणून उठवायचे. म्हणून मी बाहेर बसलो. कुणी आलंच तर सांगायला."

"डाव्या दारात खरखर आहे," रुपाली म्हणाली. "अस्तराची एक क्लिप मोडलीय. उद्या घेऊन ये."

"येतो."

दुसऱ्या दिवशी क्लिप बदलून झाली. राजाभाऊ हिशेब करायला आले होते. शुभंकर बाहेर आरशावरची धूळ पुसत होता. तो ऐकत नाही असं बघून राजाभाऊ पुढं झुकले.

"तुमच्याशी बोलतो म्हणे तो. काही म्हणाला का? तिथलं वगैरे?"

आदल्या रात्रीही रुपालीला झोप नव्हतीच. सासू पाच वेळा उठवून मोकळी झाली होती. तरी तिनं त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत नीट पाहिलं.

"त्याचं तो सांगेल काका. पण एक करा. गाडी त्याला चालवू द्या. कुठं चाललास, कधी येशील, असं विचारू नका. आणि कुणाला सांगायचं झालं तर गाडीचं नको, त्याचं सांगा. इथं तीन दिवस माझ्याबरोबर राबलाय तो."

राजाभाऊंनी मान हलवली. कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. ते गाडीत मुलाच्या शेजारी बसले. शुभंकरनं किल्ली फिरवली. ती बाई बोलली नाही, नुसता पडदा उजळला. राजाभाऊंनी काच खाली केली.

"आवाज कमी कुठून करायचा म्हणालात?"

"डावीकडची कळ, काका," रुपालीनं तिसऱ्यांदा सांगितलं, आणि पुढच्या गाडीची बॅटरी काढायला वळली. मग थांबली, आणि आधी त्या गाडीच्या मालकाला फोन लावला, सेटला कुलूप आहे का ते विचारायला.